मलकापूरच्या प्रेसमधला चामडी वायसर

चामड्याचा वायसर म्हटलं की तुम्ही नाक मुरडाल. मुरडा! पण मलकापूरच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात, त्या माझ्या जिवावर.

मूळचा मी रोहिणखेडच्या एका म्हशीची पाठ. तिथल्याच पुंजाजींनी माझं कातडं कमावलं, मला साच्यात ठोकून गोल केलं आणि मी प्रेसच्या पोलादी दांड्याभोवती जाऊन बसलो. खालून पंप पाणी रेटायचा, दांडा वर चढायचा, रुई चेपली जायची. त्या पाण्याला बाहेर पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम.

आदल्या हंगामात माझ्या जागचा वायसर भर दाबात फाटला. पाण्याच्या चिळकांडीनं अर्जुनराव या खलाशाचा, म्हणजे प्रेसवरच्या मदतनिसाचा, डोळा गेला. आता तिथं त्याचा धाकटा भाऊ किसनराव उभा राहणार होता.

मुहूर्ताची पूजा झाली की तिथं प्रत्येक जण मला दाबून धरणाऱ्या नटांना नमस्कार करून पान्यानं थोडं आवळून जाई. श्रद्धाच ती, पण माझा जीव कोंडला. हबीब मिस्त्रींनी ते पाहिलं आणि पाना उलटा फिरवू लागले.

"मिस्त्री, ढिल्लं काऊन करून राह्यले?" किसनराव ओरडला. "माह्या भावाचा डोळा गेला ना!"

"आवळून आवळूनच फाटला तो, भाऊ. पानी चढलं का तेच याले दांड्यावर दाबते. आपल्याले फक्त सुरुवातीचं पानी अडवाचं हाय. तेवढंच आवळाचं."

मग त्यांनी कोळशानं भिंतीवर हिशेब मांडला: सुरुवातीचा दाब, माझी रुंदी, प्रत्येक नटाच्या वाट्याचा ताण. तेवढाच ताण यावा म्हणून पान्याच्या टोकाला कापूस तोलायची वजनं टांगली. पाना थांबला, तिथं हात काढला. काय डोकं, काय हात!

"हिशेब चुकला त?" किसनरावनं विचारलं.

"त माहा डोळा जाईन," म्हणत मिस्त्री स्वतःच त्याच्या जागी उभे राहिले.

पंप सुरू झाला. माझ्या कडेवर ओल दिसली. दाब चढला, पाण्यानंच मला दांड्यावर रेटलं आणि ओल तिथंच थांबली. वर गाठ बांधून झाली तरी मिस्त्री जागचे हलले नव्हते.

किसनराव पुढं आला. "सरका, मिस्त्री. इथं मी उभा राह्यतो."

तो सगळा हंगाम मी त्याच्याशेजारी काढला. आता मला उतरवून भंगाराच्या ढिगावर ठेवलंय. फेकायचं तर खुशाल फेका, पण आधी कडेवरून एकदा बोट फिरवा. झिजलोय, फाटलो नाही. किसनराव दोन्ही डोळ्यांनिशी घरी गेला.