बाबांचा ग्रह

भिंगरीचा पाय एका जागी ठरत नव्हता. खिडकीशी जा, दाराशी जा, परत दुर्बिणीशी ये! थोड्याच वेळात सभागृह गच्च भरणार होतं आणि तिचे बाबा सूर्यापुढून सरकणारा नवाकोरा ग्रह झाडून सगळ्या विद्वानांना दाखवणार होते. दुर्बिणीतून पांढऱ्या कागदावर सूर्याचं बिंब पडलं होतं आणि त्यात तो काळा ठिपका. तिळाएवढा, पण ऐट केवढी!

पहिल्या रांगेत काका बसणार होते. बाबांचे सख्खे भाऊ. भिंगं घासण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोघांनी मिळून आकाश पालथं घातलं होतं. मग एका धूमकेतूला नाव कुणाचं द्यायचं यावरून जे बिनसलं ते बिनसलंच. तेव्हापासून बाबा भिंगंसुद्धा स्वतःच घासायचे. काकांचं शेवटचं भिंग फडक्यात गुंडाळून दुर्बिणीच्या पेटीच्या तळाशी पडलं होतं.

लहानपणी काकांनी तिला एक गोष्ट शिकवली होती. डाग दिसला की आधी डोळ्याकडचं भिंग फिरवायचं. डाग जागेवर राहिला तर तो आकाशातला. भिंगाबरोबर फिरला, तर काचेतला.

तिला राहवेना. तिने भिंग हलकेच फिरवलं.

ठिपका गर्रकन फिरला!

"बाबा! भिंग फिरवून बघितलंत का हो?"

"ती त्याची पद्धत," बाबा गुरगुरले. "त्याचं काही मी करत नाही. त्यानेच पढवून पाठवलंय ना तुला?"

"नाही हो! एकदा बघा तर!"

"गप्प बैस."

जिन्यात पावलं वाजायला लागली. बाबा दाराकडे गेले. आता काका सगळ्यांदेखत भिंग फिरवायला लावणार आणि बाबांचं हसं होणार! तिने झटकन बाबांचं भिंग काढलं, पेटीतलं काकांचं बसवलं. बिंब लख्ख. ठिपका गायब.

बाबा वळले आणि पांढरेफटक पडले. "माझा ग्रह कुठे गेला?"

तिने तळहात पुढे केला. बाबांच्या भिंगात, अगदी कडेला, हवेचा बारीक बुडबुडा होता.

तोवर लोक आत शिरले. काका थेट कागदावर वाकले. "इतकं स्वच्छ? भिंग कुणाचं?"

भिंगरी नखं कुरतडत उभी.

"तुझं," बाबा म्हणाले. मग सभेकडे वळून, "ग्रहबिह काही नाही, मंडळी. माझ्या भिंगात बुडबुडा होता. मी ते फिरवून बघितलंच नाही."

सगळ्यांच्या माना काकांकडे. आता हे फाडून खाणार!

"असली काच उचललीसच कशी?" काका कडाडले.

"तू का नाही पाठवलीस चांगली?"

"तू मागितलीस?"

"घरात मागायची असते?"

काकांनी तिच्या हातातलं भिंग उचलून खिशात टाकलं. "दुसरं घासून देतो. आणि धूमकेतू माझाच!"

"तुझा? अरे, आधी दिसला कुणाला?"

भिंगरीने दोन खुर्च्या ओढून शेजारी-शेजारी मांडल्या. "आधी बसा दोघं, मग भांडा!"