रविवारची ड्युटी

लंब्याची मुलगी बुटाच्या खोक्यात अठरा फ्लॉप्या घेऊन आली, तेव्हा काकांना आधी तिची ओळखच पटली नाही. लंब्या आणि काका दोघे मिळून पाणीपुरवठ्याच्या पंपघरातला कॉम्प्युटर सांभाळायचे. तिथे क्लोरीन गळून लंब्या गेला, तेव्हा ही पोर सहा वर्षांची होती. आता तिच्या केसांत पांढरी बट दिसत होती.

"आई गेल्यावर कपाट आवरलं. बाबांची ऑफिसची पिशवी तिने तशीच ठेवली होती, त्यात हे निघालं," ती म्हणाली. "बघता येईल का, काका? मला त्यांचं काहीच आठवत नाही हो. आवाजसुद्धा नाही."

फ्लॉप्यांवर लंब्याच्या अक्षरात 'बॅकअप' असं आणि तो गेला त्याच रविवारची तारीख होती. काकांनी खोक्याचं झाकण पुन्हा लावलं. तरी ते म्हणाले, "बघू या."

ऑफिसने मोडीत काढलेलं पंपघरातलं ते युनिक्सचं मशीन काकांनी घरी आणून ठेवलं होतं. त्याची डिस्क केव्हाच गेली होती, म्हणून दुसरी बसवली. मशीन उठलं आणि पडद्यावर सूचना येऊ लागली: पुढची फ्लॉपी घाला. मुलगी एकेक हातात द्यायची, काका सरकवायचे. नववीला बुरशी लागली होती. काकांनी तिचं कवच उकललं, आतली चकती स्पिरिटच्या बोळ्याने हलकेच पुसली आणि दुसऱ्या कवचात घातली. चौथ्या खेपेला ती वाचली गेली.

"बाबाही असंच जपून करायचे?"

"छे! तो भलता धसमुसळा. फ्लॉपी अडकली की मशीनला चापट मारायचा."

ती खळखळून हसली.

दुपारी अठरावी संपली. तिला फोन आला म्हणून ती बाहेर गेली आणि काकांनी लंब्याच्या टपालाची फाइल उघडली; पाळी बदलताना दोघे मशीनवरच एकमेकांना निरोप लिहून ठेवायचे. रोमन अक्षरांतलं मराठी. शेवटून दुसरं पत्र काकांचंच होतं: 'अंगात ताप आहे. उद्याची ड्युटी घेशील का?' त्याखाली लंब्याचं उत्तर: 'पोरीला पोहायला न्यायचं कबूल केलंय. नेईन पुढच्या रविवारी. तू गोळी घे आणि गप झोप.'

काकांना ताप नव्हता. ते मित्राकडे पत्ते कुटायला गेले होते. एकतीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पत्र पुसायला एक कमांड पुरे होती. त्यांनी ती टाइपही केली, पण एंटर काही दाबवेना. अक्षरं एकेक करून खोडली आणि पत्र पुन्हा पडद्यावर आणलं.

मुलीने आत येऊन वाचलं. "म्हणजे तुम्ही आजारी होतात म्हणून बाबा…"

"नव्हतो गं. खोटं लिहिलं होतं मी. पत्ते खेळायला गेलो होतो."

तिने बापाचं उत्तर पुन्हा वाचलं, ओठ हलवत. मग म्हणाली, "एवढं छापून द्या." प्रिंटर करकरला. कागद घडी करून तिने पर्समध्ये ठेवला.

"बाळ…"

"आत्ता काही बोलू नका, काका."

ती गेली. काकांनी आठवडाभर फोन केले, तिने एकही उचलला नाही. शेवटी एका संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"मला तर त्या रविवारी सुट्टी आहे म्हणाला होतात," ती म्हणाली. उरलेले कपडे तसेच टाकून ती आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं.