गृहीतमध्य

काटा थांबत नव्हता. साताच्या पुढे जायचा, आठाला शिवल्यासारखं करायचा आणि लगेच मागे – खाली झोळीत राणी पाय झाडत होती आणि वर तो टोकाशी किंचित वाकलेला लाल काटा तिच्या प्रत्येक लाथेसरशी नवीनच काहीतरी सांगत होता. संयोगिताने श्वास धरून ठेवला होता, जणू तिच्या श्वासाचंही वजन झोळीत धरलं जाईल. अंगणवाडीच्या ताईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाल्या, "सात ते आठ. पाय लय हलवतीया. मधलं धरू, साडेसात."

मधलं धरू... म्हणजे वर्गमध्य. सांगलीला कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं होतं तेव्हा सर म्हणायचे, सामग्री एकदा वर्गांत बांधली की कोण नेमकं कुठं उभं आहे ते विसरायचं, सगळे वर्गाच्या मधोमध उभे आहेत असं मानायचं. तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं! आता त्या वर्गात माझी मुलगी होती, दहा महिन्यांची, आणि तिला मधोमध उभं करायचं म्हणजे... ती अजून धरल्याशिवाय उभीच राहत नव्हती, ही आणखी वेगळी काळजी.

हिरव्या पट्ट्यातच आहे, असं ताईंनी वाढीचा तक्ता दाखवून सांगितलं. संयोगिताला दिसलं ते एवढंच, की टिंब हिरव्याच्या तळाशी आहे. तळ म्हणजे काठ. काठावरून माणसं पडतात.

एरवी ती एवढी घाबरली नसती. पण सोमवारपासून सांगलीच्या शाळेत रुजू व्हायचं की नाही ते आज ठरवायचं होतं. दहावीच्या उजळणीचे तास, मार्चच्या परीक्षेपर्यंत. साताऱ्याचं घर सासूबाई सांभाळणार, ती राणीला घेऊन सांगलीजवळ माधवनगरला माहेरी राहणार, आणि दिवसभर राणी आजीच्या हातचं वरचं दूध पिणार. धैर्यशील सीमेवरून फोनवर म्हणाला होता, तुला योग्य वाटेल ते कर – हे वाक्य फौजेत शिकवतात की नवरे जन्मतःच शिकून येतात, कोण जाणे. मग योग्य कसं वाटवून घ्यायचं? तक्त्यातली मुलं कुठली कोण, आपल्याला काय त्यांचं. आपल्या कॉलनीतल्या मुलांची सरासरी काढायची. राणी तिच्या वर असली तर जायचं, खाली असली तर मुख्याध्यापिकाबाईंना नाही म्हणून कळवायचं. ठरलं. एवढं शास्त्रीय ठरवल्यावर तिला भूकसुद्धा लागली.

आणि सामग्री आपणहून चालत येणार होती, कारण दुपारी क्रांतीच्या वीरधवलचं बोरन्हाण होतं.

क्रांती शेजारच्या गल्लीतली. तिचा नवराही फौजेतच, तिचा वीरधवल नुकताच वर्षाचा झालेला. हॉलमध्ये सतरंजी, मध्ये पाट, पाटावर काळं झबलं आणि हलव्याचे दागिने घालून बसवलेला वीरधवल, गळ्यातला हार काढून चाटणारा. बायकांनी त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, मोठी पोरं ते लुटायला तुटून पडली, आणि त्या गोंधळात संयोगिता राणीला मांडीवर घेऊन एकेका आईजवळ सरकत होती. शालूबाई, तिच्या सासूबाई, तिच्या आधीच येऊन सगळ्यांना भेटून आता खुर्चीत बसल्या होत्या आणि सुनेच्या या सरकण्याकडे संशयाने पाहत होत्या.

विचारायचं कसं, याची तिने घरून तयारी केली होती. आधी झबल्याचं कौतुक, मग दात, मग वजन. पण नेमका आकडा एकीनेही सांगितला नाही. कुणी म्हणे सात-आठ असेल बाई. कुणी म्हणे आठ-नऊ, पण ते मागच्या महिन्यात, आता तापाने उतरलंय. क्रांतीने तर पोराच्या मनगटावरच्या वळ्या झबल्याच्या बाहीत खुपसत, राणीकडे एक नजर टाकून सांगितलं, "सहा-सात. खातच न्हाई मेला काही."

आधी संयोगिता हिरमुसली. मग एकदम तिच्या अंगावर सुखाचा काटा आला – सहा-सात, सात-आठ, आठ-नऊ... या बायका तर वर्गच सांगतायत! मी नुसती वारंवारता मोजायची. तिने सतरंजीच्या कडेला बोरांच्या ढिगल्या मांडल्या. सहा ते सात, दोन बोरं. सात ते आठ, चार, त्यात एक राणीचं, जरा बघून निवडलेलं. आठ ते नऊ, दोन. कागद-पेन्सिल काढली असती तर शालूबाईंनी भरल्या घरात विचारलं असतं, काय लिवतीयास म्हणून. बोरांना कोण काय विचारतंय.

आता गृहीतमध्य. सोयीचा कुठलाही आकडा मध्य म्हणून गृहीत धरायचा आणि बाकीचे त्याच्यापासून किती लांब ते बघायचं. गृहीतमध्य कुठलाही धरा, उत्तर तेच येतं – याचं तिला कॉलेजात फार नवल वाटायचं. तिने साडेसात धरला. राणीचा. दुसरं कोण धरणार? गेले दहा महिने जगातली प्रत्येक गोष्ट ती राणीपासूनच मोजत आली होती, बसचा हॉर्न राणीपासून किती लांब, कुत्रं राणीपासून किती लांब. तर – खालची दोन बोरं, प्रत्येकी उणे एक. मधली चार, शून्य. वरची दोन, अधिक एक. उणे दोन अधिक दोन...

शून्य.

म्हणजे मध्य साडेसात. म्हणजे राणीच. वर नाही, खाली नाही – बरोबर राणी. संयोगिता बोरांकडे बघतच राहिली. वर असली तर जायचं, खाली असली तर नाही. बरोबर असली तर काय करायचं हे तिने ठरवलंच नव्हतं. पण मुलगी सरासरीएवढी आहे याचा आनंद व्हायला हरकत नव्हती, म्हणून ती तो करून घ्यायला लागली, तेवढ्यात पाटावरून उतरलेला वीरधवल रांगत आला आणि सहा-साताच्या वर्गातलं एक बोर उचलून त्याने तोंडात घातलं.

बोर, बी, घसा! तिने राणीला सतरंजीवर ठेवलं, वीरधवलला ओढून मांडीवर घेतलं, बोट घालून बोर बाहेर काढलं – आणि मग तिच्या लक्षात आलं की तिची मांडी दुखते आहे. तिने त्याला उचलून पाहिलं. पुन्हा पाहिलं. हा सहा-सात? घरातली दहा किलोची पिठाची पिशवी ती दर महिन्याला उचलत होती. हा मुलगा त्या पिशवीपेक्षा जड होता, वर ओलाही.

राणीला दुसऱ्या कडेवर घेऊन तिने त्याला क्रांतीकडे नेलं, आणि जवळ कुणी नाही असं पाहून जरा थेटच विचारलं. क्रांती लाजली नाही, चिडलीही नाही. पोराला कडेवर चढवत हळूच म्हणाली, "आवं वैनी, तुमच्या सासूबाई आल्या-आल्या म्हणाल्या, आमची राणी पाच-सहा हाय. मग मी तुमच्या म्होरं अकरा सांगू? बरं दिसतं का ते?"

संयोगिताने सासूबाईंना गाठून, राणी पाच-सहा का सांगितली ते विचारलं. शालूबाई खुर्चीत बसून चुरमुऱ्यातले शेंगदाणे वेचत होत्या.

"पोरीचं वजन काय खरं सांगायचं असतं व्हय," त्या म्हणाल्या, जणू सुनेने दाराची कडी न लावता झोपायची गोष्ट काढली होती. "नजर लागती. आमी म्हसवडला तर धैर्यशीलला दोन वर्सं दुबळाच म्हणत होतो. आता बघ. दारात मावंना."

म्हणजे... तिने भिंतीला पाठ टेकली. म्हणजे सासूबाईंनी राणी पाच-सहा सांगितली, आणि भरल्या घरातल्या सगळ्या बायकांनी आपापली पोरं तिच्या बेताने खाली उतरवली, कुणी किलोभर, कुणी चार किलो. काही नजर लागेल म्हणून, काही माझं तोंड पाहून. सगळ्यांनी राणीलाच गृहीत धरलं होतं. आणि सर, इथं गृहीतमध्य बदलला तर उत्तर बदलतं. हे तुम्ही शिकवलं नाहीत. तिला राग आला – माझ्या मुलीची दया? – आणि त्या रागाच्या पोटातच कुठेतरी दुसरं काहीतरी, जे कुठल्याच वर्गात घालता येईना. दहा महिने तिला वाटत होतं की तीच एकटी सगळ्यांच्या बाळांकडे बघते आहे.

उशिरा एक जण आली. पूजा, क्रांतीच्या वरच्या मजल्यावर नवीनच राहायला आलेली, माण तालुक्याकडची, अजून कुणाशी ओळख नसलेली. तिच्या कडेवरचं बाळ राणीएवढंच असावं, पण काळं झबलं त्याच्या खांद्यावरून घसरत होतं आणि ती ते दर थोड्या वेळाने वर ओढत होती. ती संयोगिताजवळ येऊन बसली. आधी राणीच्या झबल्याचं कौतुक केलं. मग दात किती आले विचारलं. संयोगिताला पुढचा प्रश्न पाठ होता.

"वजन किती हो भरलं हिचं?"

"सहा-सात," संयोगिता म्हणाली. "पाय लय हलवते. काटाच थांबत नाही."

पूजाचे ताठलेले खांदे सैल झाले. "आमचंबी तेवढंच," ती म्हणाली, आणि बाळाची बाही वर ओढायची विसरली.

परतीच्या वाटेवर शालूबाई पुढे, बोरांची पिशवी घेऊन. मागे संयोगिता, खांद्यावर झोपलेली राणी, झोपेत पाय न हलवणारी – आत्ता काटा थांबला असता. किती भरली असती? हाताला ती जड लागत होती, सकाळपेक्षा जड, पण झोपलेलं मूल जडच लागतं, आणि हात हा काही तराजू नव्हे... मी खोटं का सांगितलं? नजर मी मानत नाही. आणि तरी आकडा तोंडातून निघण्याआधी मी त्या बाळाकडे पाहिलं होतं, नीट, खांद्यापासून पायापर्यंत. आधी पाहिलं, मग सांगितलं. सोमवारी दहावीच्या पोरांना हे कसं सांगायचं? म्हणजे सूत्र सांगायचंच, बेरीज-भागाकार सांगायचा, पण आधी फळ्यावर वर्ग लिहून विचारायचं, की बाळांनो, ही माहिती कुणी दिली? देताना ते कुणाच्या तोंडाकडे बघत होते? मागच्या बाकावरचा एखादा हसेल, त्यालाच उभं करायचं, तुझं वजन किती रे, आणि शेजारच्याकडे बघू नकोस...

ती चालता चालता थबकली. शालूबाईंनी मागे वळून विचारलं, काय झालं.

"काही नाही," ती म्हणाली, आणि राणीला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं.