तिसऱ्या खेपेचा पाव

"सोडा पडलाय! आता कुणीही मला हाक मारायची नाही," तिने स्वयंपाकघरातून बजावलं, आणि नेमकी तेव्हाच पाळण्यातून हाक आली.

आधी कुरकुर, मग एक लांबलचक, वरच्या पट्टीतला सूर. आठ महिन्यांची तिची लेक. घरात तिला ठकी म्हणत, कारण झोपल्याचं सोंग करून सगळ्यांना ठकवण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

"अगं, उठली ती," बाहेरून सासूबाई म्हणाल्या.

"उठू दे."

"रडतेय."

"रडू दे दोन मिनिटं. ती थांबेल, हे थांबणार नाही."

कोमट काकवीत सोडा पडला की पातेल्यात तपकिरी फेस चढतो, उतू जाणाऱ्या दुधासारखा सरसर वर येतो. यीस्टच्या पावाला तासन्‌तास निजवून ठेवता येतं. हा सोड्यावर फुगणारा पाव. त्याच्याकडे तेवढा धीर नाही. फेस वर आहे तोवरच तो ताक आणि पिठात गेला पाहिजे. चमच्याचे पंधरा-वीस वळसे, त्याहून एक जास्त नाही, नाहीतर पाव चिवट होतो. मग लगेच साच्यात आणि लगेच ओव्हनमध्ये. फेस बसला की पाव बसलाच म्हणून समजा.

चारही साचे आत गेले. तिने दार लावलं, पदराला हात पुसले आणि मग ठकीला उचललं. ठकीने एक हुंदका राखून ठेवला होता, तो आईच्या खांद्यावर आल्यावर दिला.

"कठीण काळजाची झालीस हो," सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. त्यात राग कमी आणि नवल जास्त होतं.

"झाले," ती म्हणाली. "व्हायलाच हवं होतं."

दोन महिन्यांपूर्वी ताप आला, आठ दिवसांत गेला आणि जाताना तिची वासाची जाण घेऊन गेला. आधी तिला वाटलं, सर्दी असेल. मग एका सकाळी दूध करपून पातेलं काळंठिक्कर झालं, खोलीत धूर झाला, आणि ती शेजारीच कणीक मळत उभी होती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. किती हळूहळू, विचारल्यावर ते कागदावर काहीतरी लिहू लागले.

नवरा लिफ्टदुरुस्तीवर होता. तो म्हणाला, "थोडे दिवस पाव बंद ठेव ना. काय अडलंय?"

काय अडलं होतं ते त्याला सांगून कळलं नसतं. दिवसभरात ती जे जे करायची ते संध्याकाळपर्यंत उसवून पुन्हा पुढ्यात यायचं. धुतलेली दुपटी ओली व्हायची, घासलेली भांडी खरकटी, पुसलेली फरशी चिकट. एक पावच असा होता, की तिच्या हातून एकदा घराबाहेर गेला की परत यायचा नाही. बसच्या आगारातल्या कॅन्टीनमध्ये ड्रायव्हर मंडळी तो चहाबरोबर संपवायची, आणि कॅन्टीनच्या मावशी निरोप धाडायच्या, "काकवीवालीला सांगा, परवा पुन्हा."

मागच्या दोन खेपांना तोही परत आला.

हा पाव तिला आत्याने शिकवला होता. शिकवताना आत्याने पहिल्यांदा काय सांगितलं असेल, तर रंगावर जाऊ नकोस. साधा पाव भाजला की सोनेरी होतो, जळला की काळा. काकवीचा पाव मुळातच काळसर. कच्चा, भाजलेला आणि जळका, तिघांचा रंग सख्ख्या भावंडांसारखा. काडी खुपसून बघावी, तर काकवीमुळे ती चिकटच निघते. आणि मुदतीआधी ओव्हनचं दार उघडलं, की मध्ये खड्डा. घड्याळ लावावं, तर त्यांच्या जुन्या ओव्हनचा पारा रोज वेगळा. उरतं ते नाक. सुंठ, दालचिनी आणि काकवी, तिन्ही मिळून एकच वास झाला की उघडायचं. आठ वर्षांत तिचं नाक एकदाही चुकलं नव्हतं.

पहिल्या खेपेला तिने डोळ्यांवर भरवसा ठेवला. बूड जळलं.

दुसऱ्या खेपेला सासूबाई म्हणाल्या, "माझं नाक आहे ना शाबूत! मी सांगते." त्या ओव्हनपाशी खुर्ची टाकून बसल्या आणि अर्ध्या तासात ओरडल्या, "करपतोय, काढ!" तिने काढला. वरून छान दिसला. कॅन्टीनमध्ये सुरी घातली तर आत चिखल. मावशींनी डबा परत पाठवला तो निरोपासकट: आणखी एकदा बघते, नाहीतर फॅक्टरीचा पाव सुरू करते.

त्या चिखलाकडे बघत ती त्या संध्याकाळी बराच वेळ बसली. कच्चा कसा राहिला, हे कुणालाच उमजत नव्हतं. मग तिला आठवलं. साचे टेबलावर काढून ठेवले तेव्हा ते बोलत होते. बारीक चरचर, बुडबुड्यांची पुटपुट, जशी ठकी पोट न भरता दूध सोडल्यावर करते तशी. तेव्हा तिला वाटलं होतं, गरम आहेत म्हणून असेल. पण गरम तर जुने पावही असायचे, आणि ते गप्प असायचे.

म्हणून आज ती ओव्हनच्या दाराशी जमिनीवर बसली. ठकीला मांडीवर आडवी घेतली, तिच्या तोंडात लाकडी चमचा दिला, आणि स्वतः कान दाराजवळ नेला.

"हे काय आता?" सासूबाई म्हणाल्या.

"ऐकतेय."

"पाव?"

"हो, पाव."

सासूबाईंनी मुलाकडे बघितलं. त्याची आज सुट्टी होती. तो मोबाईलवर सामना बघत पलंगावर लोळत होता. "अरे, ही पाव ऐकतेय."

"ऐकू दे. आपलं तरी कुणीतरी ऐकतं का घरात!"

"तो आवाज बंद कर," ती तिथूनच म्हणाली. "पंखासुद्धा."

"पंखा? अगं, उकडतंय."

"तू उकडतोयस. पाव भाजतोय. बंद कर."

पंखा बंद झाला. घर असं शांत क्वचितच व्हायचं. आधी काहीच नाही, नुसती ओव्हनची गुणगुण. मग त्याखालून हळूहळू वर आलं ते: चारही साच्यांतून ओली, भराभरा होणारी पुटपुट, बंद खोलीत पुष्कळ बायका एकदम बोलाव्यात तशी. ती हलली नाही. पाठीला रग लागली. ठकी चमचा चोखता चोखता थांबली आणि आईच्या तोंडाकडे बघू लागली.

पुटपुट सैल होऊ लागली तेवढ्यात सासूबाई ताडकन उठल्या.

"करपला! काढ, काढ, करपला बघ!"

"नाही."

"अगं, वास येतोय मला. चांगला घरभर येतोय."

नवरापण उठून आला. नाक वर करून म्हणाला, "येतोय गं. खरंच येतोय. आई सांगतेय तर उघडून बघ ना."

दोन नाकं एका बाजूला, आणि तिचा एक कान दुसरीकडे. आत अजून कुणीतरी बोलत होतं. कमी, थांबून थांबून, पण बोलत होतं. हात दाराच्या मुठीकडे गेला. तिने तो ओढून ठकीच्या पाठीवर ठेवला.

"अजून कच्चा आहे."

"हट्टाने जाळशील," सासूबाई म्हणाल्या.

"जळला तर माझा जळेल. मागच्या वेळी तुमच्या नाकाने काढला आणि माझ्या नावाने परत आला. आज जे होईल ते माझं."

सासूबाई मागे सरल्या. नवरा पुढे झाला तशी ती म्हणाली, "दाराला हात लावलास तर बघ हं." तो आहे तिथेच थांबला.

मिनिटं गेली. दोन, पाच, सात. एकेक साचा गप्प होत गेला. शेवटचा कोपऱ्यातला मागे रेंगाळला. टप्, मग बरंच काही नाही, मग पुन्हा टप्. मग तोही निजला. तिने मनात वीस मोजले आणि दार उघडलं.

पाव वर भरून आले होते, मधोमध एकेक भेग, पाठ बोटाने दाबली की पुन्हा वर येणारी. तिने चारही जाळीवर काढले आणि ओव्हनच्या तळाकडे बोट दाखवलं. तिथे साच्यावरून ओघळलेल्या काकवीचा रुपयाएवढा डाग जळून कोळसा झाला होता.

"हा बघा तुमचा करपलेला पाव."

सासूबाई वाकल्या. डाग बघितला, मग सुनेकडे बघितलं. "मग मागच्या वेळीसुद्धा..."

"तसंच असणार."

"मेलं नाक," सासूबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्याच नाकावर एक टिचकी मारली. नंतर त्यांनी कुणी न सांगता पंखा लावला आणि डबा कोरड्या फडक्याने पुसून दिला.

नवरा म्हणाला, "मी नेऊन देतो गाडीवरून."

"मी जाते."

ठकीला झोळीत पोटाशी बांधून, हातात डबा घेऊन ती आगारात पोचली तेव्हा कॅन्टीनमध्ये पाळी बदलण्याची गर्दी होती. मावशींनी सुरी घेतली आणि पाव मधोमध कापला. आतला गर काळसर, ओलसर, जाळीदार. त्यांनी कड तोंडात टाकली, चावत राहिल्या, दुसरी कडही टाकली.

"हं. आता कसा जमला?"

घरी ठरलं होतं, वासाचं कुणाला सांगायचं नाही. लोक नाही नाही ते बोलतात.

"मला वास येत नाही, मावशी. दोन महिने झाले. हा कानाने भाजलाय."

मावशींची सुरी थांबली. "वास येत नाही, आणि खायचं करून विकतेस?"

"विकते. पुढेही विकणार. तुम्हाला नको असेल तर तोंडावर सांगा, डबा परत धाडू नका."

रांगेतला एक ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, भांडण मग करा. तो तुकडा इकडे द्या आधी."

मावशींनी तुकडा दिला. दुसरा दिला. मग पदराला हात पुसून पुढे आल्या. "आण, पोरीला इकडे दे. दमलीयस. चहा घे बसून."

तिने झोळी सोडली आणि चहाचा कप हातात घेतला. मावशींनी ठकीला खांद्याशी धरलं, तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली आणि हसल्या.

"अगं, हिच्या टाळूला काकवीचा वास येतोय की! अख्खी पोर भाजून काढल्यासारखी."

"येतो?"

"तर काय. कुणाचीही ओळखू येईल, काकवीवालीची म्हणून."

तिने चहाचा कप खाली ठेवला. पोर परत घेतली, टाळूवर नाक ठेवलं आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. कॅन्टीनमध्ये कपबश्या वाजत होत्या. तिने आणखी एक श्वास घेतला, पहिल्याहून लांब. नुसतीच हवा, थोडी उबदार.

मग तिने ठकीला झोळीत बांधलं, रिकामा डबा उचलला.

"परवा सहा आणते," ती म्हणाली.