पत्रकवाल्यांचा वर्ग

टेलिफोन ऑफिसात तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेल्या बाई निवृत्त झाल्या, तरी कोणी चुकीचं बोललं की मध्येच तोडून दुरुस्त करायची त्यांची खोड काही गेली नव्हती. दोन गल्ल्या सोडून त्यांच्या विहीणबाई, म्हणजे लेकीच्या सासूबाई, शिवणाचं दुकान चालवायच्या. दोघींनाही मधुमेह, दोघींनाही इन्सुलिन, आणि कोणाची साखर आटोक्यात यावरून वरवर गोडगोड बोलत आतून चुरस.

अशात दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी संशोधन काढलं. आपला आजार आपणच कसा सांभाळायचा हे रुग्णांना नीट शिकवलं, तर खरंच फरक पडतो का, हे त्यांना बघायचं होतं. साठ रुग्ण, साठ बंद लिफाफे. निम्म्यांना दर बुधवारी वर्ग, निम्म्यांना नुसतं छापील पत्रक. ऑपरेटरबाईंच्या लिफाफ्यातून वर्ग निघाला, विहीणबाईंच्या पत्रक.

"एकच विनंती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "वर्गातलं सहा महिने पत्रकवाल्यांना सांगू नका. नाहीतर तुलनाच करता येणार नाही. शेवटी त्यांनाही वर्ग देणारच आहोत."

ऑपरेटरबाईंनी मान डोलावली. लोकांची गुपितं पोटात ठेवण्यात तर जन्म गेला होता. शिवाय विहीणबाईंना नाही ते आपल्याला मिळालं, म्हणून मनात उकळ्या फुटत होत्या त्या वेगळ्याच.

पहिल्या बुधवारी वर्ग सुटल्यावर त्या मुद्दाम दुकानावरून गेल्या. विहीणबाईंनी वर्गाचं नावसुद्धा काढलं नाही. मशीनवरची मान वर न करता म्हणाल्या, "टाचांना भेगा पडल्यात बाई. ब्लेडने तासून टाकते झालं."

"अहो, ब्लेड काय! पाय हातचा जाईल! रोज पाय बघायचे, तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरायचा..." इथवर आल्यावर ऑपरेटरबाईंनी जीभ चावली.

पुढच्या बुधवारी विहीणबाई दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "इन्सुलिन आपलं रोज त्याच जागी टोचावं. हाताला सवय होते."

"मुळीच नाही! गाठी होतात तिथे. जागा बदलत राहायचं!"

तिसऱ्या बुधवारी तर कहरच झाला. "परवा घाम फुटला, हातपाय थरथरले. मी सरळ निजून घेतलं."

"निजलात? साखर उतरली होती तुमची! तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं!"

घरी जाताना दर वेळी त्या स्वतःला बजावायच्या, आता तोंडाला कुलूप. पण ही बाई एवढी अडाणी असेल असं वाटलं नव्हतं. गप्प बसावं आणि हिने भलतंच काही करून बसावं, तर लेकीला काय तोंड दाखवायचं? असं करत सगळे बुधवार निघाले.

सहा महिन्यांनी सगळ्यांची तपासणी झाली. निकाल सांगायला डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"दोन्ही गटांची साखर सारखीच कमी झाली आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे वर्गाचा वेगळा असा उपयोग दिसला नाही. तसंच लिहावं लागेल, आणि वर्ग बंद करावे लागतील."

ऑपरेटरबाई पेचात पडल्या. गप्प बसावं तर एवढा चांगला वर्ग बुडतो, बोलावं तर आपलीच लाज जाते. पण चुकीचं ऐकून घेणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. त्या उठल्या.

"उपयोग झालाय. मी फितूर झाले. विहीणबाईंना सगळं सांगून बसले."

"पण एकीला सांगून तीस जणांची साखर कशी कमी होईल?"

मागून पत्रकवाले वॉचमनकाका भाबडेपणाने म्हणाले, "अहो, आमचाही वर्ग असतो की! दर शुक्रवारी, शिवणाच्या दुकानात. फार छान शिकवतात बाई. खडूने पाय काढून दाखवला होता."

सगळ्या माना विहीणबाईंकडे वळल्या. त्यांनी शांतपणे पदर सावरला.

"मी काही विचारलं नाही हो. आमच्या या विहीणबाईंना चुकीचं सहन होत नाही. मी आपली दर बुधवारी चुकत गेले."

"म्हणजे तुम्ही निजला नव्हतात?" ऑपरेटरबाई किंचाळल्या.

"छे! चांगली साखर खाल्ली होती. पण किती चमचे ते माहीत नव्हतं ना."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावर डोकं टेकलं. त्या रडताहेत असं सगळ्यांना वाटलं. पण खांदे हलत होते ते हसण्याने. घडलं ते सगळं त्यांनी अहवालात खरंखरं लिहिलं आणि हे संशोधन बाद धरलं. मग दुसऱ्या दवाखान्यात नवं संशोधन मांडलं: रुग्णांनीच रुग्णांना शिकवलं तर काय होतं? शिकवायला दोन बाया लागणार होत्या, त्या शोधायला कुठे जावं लागलं नाही.

पहिल्या दिवशी अर्धा अर्धा तास बोलायचं ठरलं होतं. ऑपरेटरबाई पाऊण तास बोलल्या. उरलेल्या वेळात विहीणबाईंनी सगळ्यांना चपला काढायला लावल्या आणि एकेकाचे पाय बघितले.