घाऱ्या डोळ्यांचे कूळ

मार्गशीर्षातली सकाळ. प्रवरेच्या संथ, शेवाळगंधी पाण्यावरून धुक्याचे धवल वस्त्र हलके हलके सरकत होते, आणि त्याच्या विरत्या पदराआडून केशरी, कोवळे, लाजरे ऊन चर्चच्या दगडी मनोऱ्यावर उतरत होते. दगड सोन्याचा झाला. घंटा सोन्याची झाली. मनोऱ्याखालच्या नीरव दालनात बसलेल्या शलोमीचे हातही सोन्याचे झाले.

त्या हातांत जुनी पाने होती. जीर्णपीत, जाळीदार, स्पर्शालाही भिणारी पाने. बाप्तिस्म्यांची, विवाहांची, दफनांची. पाळकांनी कपाट उघडून दिले होते, आणि शलोमी विणकर, गावच्या शाळेतली भूगोलाची बाई, आपल्या खापरपणजोबांना शोधत होती.

त्यांची कथा साऱ्या घराला पाठ होती. हिमधवल जर्मनीहून हान्स वेबर नावाचा सुतार या चर्चचे छप्पर चढवायला आला. श्यामल, तेजोमय राहेलवर त्याचा जीव जडला. लग्न झाले, दोन लेकरे झाली, आणि एके दिवशी तो समुद्रापार पळून गेला. मग हंसाजी विणकर नावाच्या कनवाळू माणसाने राहेलला आधार दिला, लेकरांना आपले नाव दिले. हंसाजीचे नाव निघाले की घर हात जोडी. हान्सचे नाव निघाले की घर मान खाली घाली.

कारण हान्स गेला, तरी त्याचे डोळे राहिले. घारे डोळे. मेघरंगी, दूरदेशी डोळे. शलोमीच्या वडिलांना, दावीदअप्पांना, तेच लाभले होते. लहानपणी पोरे मागे लागत, "पळपुट्याचा घारा, पळपुट्याचा घारा." अप्पा आता नव्वदीला टेकले होते, पण ते शब्द काही म्हातारे झाले नव्हते.

"शलू," ती निघताना ते म्हणाले होते, "तो का गेला, एवढं सापडलं तर बघ. त्याला शिव्या घालून घालून दमलो मी."

पाने उलटत गेली. विवाहाच्या पानावर हान्स होता. पहिल्या बाप्तिस्म्यात होता, दुसऱ्यातही होता. तिसऱ्या लेकराचा बाप मात्र हंसाजी. पण राहेलचे दुसरे लग्न? शलोमीने पुन्हा पाहिले, बोट ओळीओळीवर ठेवून पाहिले. ते कुठेच नव्हते.

आणि दफनाच्या पानावर, मोडीवळणाच्या काळ्याभोर शाईत, ते शब्द शांत पहुडले होते. 'हंसाजी विणकर, सुतार. मूळ नाव हान्स वेबर, जन्म जर्मनीत. वेबर म्हणजे विणकर. नाव या गावच्या बोलीत असावे म्हणून त्याने स्वखुशीने बदलले. मागे पत्नी राहेल व सात मुले.'

शलोमीच्या काळजात जणू शंभर कवाडे एकदम उघडली. वारा आत आला, उजेड आत आला. हसावे की रडावे कळेना, म्हणून तिने दोन्ही केले.

अप्पा ओट्यावर उन्हात बसले होते.

"अप्पा, तो गेलाच नव्हता."

"मग हंसाजी कोण?"

"तोच."

"म्हणजे ज्याला शिव्या दिल्या अन् ज्याच्या नावानं मेणबत्ती लावली..."

"एकच माणूस, अप्पा."

आधी त्यांचे खांदे हलले, मग पोट, मग पांढऱ्या मिशा; आणि मग ते हसले, असे हसले की अंगणातल्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. त्यांनी टोपी चढवली, काठी घेतली. "चल. भेटून येऊ त्याला."

वाटेत शेजारच्या निवृत्तीने विचारले, "कुठं निघालात अप्पा?"

"पणजोबाकडं," अप्पा म्हणाले. "दोन होते. एकच निघाला."

दफनभूमी गावाबाहेर, चहूबाजूंनी उसाच्या फडात. राहेलच्या शेजारचा तो झिजलेला, साधा, सावळा दगड. अप्पांनी टोपी काढली, वाकून दगडावरची माती तळव्याने पुसली.

"सलाम, आबा," ते हळूच म्हणाले. "उशीर झाला."

वारा आला. आणि फडाफडांतून उसाचे रुपेरी तुरे एकामागून एक झुकले, एकामागून एक उठले, लाटेमागून लाट, लाटेमागून लाट, नदीपर्यंत, पार नदीपर्यंत.