विश्वासांगीकाराच्या वेळी

रविवार, दिनांक १६ फेब्रुवारी २०२५ रोजी, मराठी उपासना आटोपल्यावर साडेअकरा वाजता, रायपूर येथील चौबे कॉलोनीत आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या सभागृहात पंचांची बैठक भरली. विषय एकच होता: उपासनेत पेटी वाजवण्याचे काम गंगाधर उजागरे, म्हणजे मी, यापुढे करावे की नाही.

आरोप खरा होता. विश्वासांगीकार, म्हणजे आपण काय काय मानतो याची एकत्र दिलेली कबुली, म्हणताना सारी मंडळी उभी राहते. मी मात्र गेले तीन रविवार पेटीमागे बसून राहिलो होतो. आकाश व पृथ्वी देवाने निर्माण केली, हे त्यातले पहिलेच विधान मला आता मान्य नाही. कोणत्याही दुःखाने मला इथवर आणलेले नाही. रेल्वेच्या सिग्नल विभागातून निवृत्त झाल्यावर दोन वर्षे वाचले, विचार केला, आणि निर्माता मानण्यास पुरेसे कारण सापडले नाही. रोमी सुभेदार पिलाताच्या अमलात येशूने दुःख सोसले, या वाक्याला मात्र मी उठून उभा राहत असे. कारण तो इतिहास आहे. पुढे त्याचे पुनरुत्थान आले की पुन्हा बसत असे. माझ्या लेखी हा काटेकोरपणा होता. मागच्या बाकांवर त्याचे हसू झाले.

सव्वीस वर्षे मी ती पेटी वाजवत आलो आहे. ती गेली तर माझ्या आठवड्यात राखून ठेवावे असे काही उरणार नाही. हे मी पंचांना सांगितले नाही.

पंच तिघे होते. पंडरी बाजारातले कापडाचे व्यापारी हिरालाल साळवे यांनी सुरुवात केली.

"हे काय करून राहिले भाऊ तुम्ही? उपासना का उठाबशा?"

"जेवढं मानतो, तेवढ्यालाच उभा राहतो."

"मंग हे जग का आपोआप झालं? तुमची पेटी झाली का आपोआप?"

"पेटी करणाऱ्याला मी भेटलो आहे, हिरालालजी. नागपूरला असतो. पत्ता देऊ?"

दुसरे पंच, मंडळीचे तरुण धर्मगुरू म्हणजे पाळक पराग बोर्डे, यांनी हसू आवरले. "उजागरेकाका, नुसते उभे राहा. ओठ हलवू नका. कोण विचारणार आहे?"

"मी विचारीन, पाळकसाहेब. त्या वेळी उभं राहणं हेच म्हणणं आहे. न मानता उभा राहिलो, तर ती लबाडी होईल."

"मंग सोडा पेटी," हिरालाल म्हणाले. "हिंदी उपासनेतली सुनीती वाजवते की-बोर्ड."

"तिले मराठी गीतं येत नाहीत," तिसऱ्या पंच अंजनाबाई प्रथमच बोलल्या. त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. रविवारच्या शाळेत सूर धरायला मला त्यांनीच शिकवले. "गंगाधरा, आज पहिलं गीत कोणतं वाजवलं?"

"निर्मात्याच्या स्तुतीचं, बाई."

"किती कडवी?"

"पाच."

"पाचही वाजवली? उभं राहणं म्हणजे म्हणणं, तर वाजवणं म्हणजे काय रे?"

मी उत्तर मांडू लागलो: सूर हे विधान नव्हे; सुरावर खरेखोटेपणाची कसोटी लागत नाही. मांडता मांडताच आठवले, की त्या गीतात 'निर्माता' हा शब्द आला की मी भाता अधिक भरतो आणि सूर थोडा लांबवतो, म्हणजे मंडळीचा आवाज मोकळा होतो. असे कर, म्हणून कोणी सांगितले नव्हते. आज सकाळीही तसेच केले होते, पाचही वेळा.

"काहून थांबला?" बाईंनी विचारले.

"याचं उत्तर माझ्यापाशी नाही, बाई. माझ्याच नियमानं पाहिलं, तर पेटी सोडायला हवी."

मी पेटीची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"झालं!" हिरालाल म्हणाले. "आपल्याच तोंडानं कबूल केलं यानं."

अंजनाबाईंनी किल्ली माझ्याकडे सरकवली आणि त्या पाळकांकडे वळल्या.

"लिहून घ्या, पाळकसाहेब. उत्तर सापडेस्तोवर पेटी गंगाधरच वाजवेल. विश्वासांगीकाराले तो बसून राहील. मधात उठणार नाही."